आधी ‘नको’ दे त्याला

अगं, आधी चहा घे, निवतोय. तो झोपलाय तेवढ्यात बोलून घेऊ. एकदा उठला की तुला सुचायचं नाही आणि मलाही.

काल आल्यापासून तू एकच विचारतेयस, ‘ताई, हा बोलेल ना?’ मला नाही गं माहीत. पावणेदोन वर्षांच्या पोराबद्दल कुणी छातीठोकपणे हो किंवा नाही म्हणालं, तर मी तरी त्याच्याकडे पुन्हा जाणार नाही. माझीच बघ. सोळाची झाली. बोलते, पण ते आम्हा घरातल्या चार माणसांना कळतं; रिक्षावाल्याशी, शाळेतल्या बाईंशी बोलायला टॅब लागतो. आणि तिने मला पहिल्यांदा काही स्पष्ट सांगितलं, तेव्हा ती तीन वर्षांची होती. तोंडातून ‘आई’सुद्धा निघत नव्हतं. काय सांगितलं असेल? ‘बास.’ येते त्याच्याकडे.

त्याआधी एक. कान तपासलेस का याचे? मागे उभं राहून टाळी वाजवली, वळून बघितलं, झालं, असं नव्हे. ‘बेरा’ करून घे. झोपेत करतात, डोक्याला तारा चिकटवतात, दुखत-बिखत नाही. काचेच्या पेटीत राहिलेल्या मुलांचं तर करायलाच हवं. ऐकू कमी येत असेल तर पुढची सगळी आखणी बदलते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, केंद्र सरकारची, १९८३ सालची, वाचा आणि श्रवण हेच तिचं काम. तेवढं लांब जायला नको असेल तर तुमच्या सिव्हिलमध्ये विचार.

हं. आता सांग, सकाळपासून त्याने तुला किती गोष्टी सांगितल्या?

एकही नाही म्हणतेस? मी मोजल्या. नाचणीच्या पेजेच्या तिसऱ्या चमच्याला त्याने मान फिरवली. तू आणखी दोन चमचे कोंबलेस. बाहेर स्कूटर थांबली, तशी नजर दाराकडे गेली. शर्ट डोक्यातून घालताना पाठीची कमान केली. लाइट गेले तेव्हा थांबलेल्या पंख्याकडे बघितलं, मग तुझ्याकडे, मग परत पंख्याकडे. ही शेवटची गोष्ट तू पाहिलीच नाहीस, ओट्याकडे तोंड होतं तुझं. आधी वस्तूकडे आणि मग माणसाकडे बघायचं, यात काय आहे कळतंय का? ‘अगं आई, हे बघ ना, पंखा थांबला.’ हात मोकळे चालतात ती मुलं वर्षाच्या आसपास बोट दाखवायला लागतात. याचे हात कडक, म्हणून हा बोटाचं काम डोळ्यांवर भागवतोय.

एक शंभर पानी वही कर. डावीकडे त्याने काय केलं, उजवीकडे तुला त्याचा काय अर्थ लागला. चार दिवस लिही फक्त. आणि तुझ्या सासूबाईंना सांग, ‘तुम्ही तोंडाने सांगा, मी लिहिते.’ त्यांना तुझ्यापेक्षा जास्त दिसतं, पैजेवर सांगते. दुपारभर तो त्यांच्याजवळच असतो ना?

मी काय केलं होतं ते ऐक, हसू नकोस. पोर दोन वर्षांची झाल्यावर पुण्याहून एक मोठा तक्ता मागवला. साठ चित्रं. फळं, भाज्या, वाहनं, जंगली प्राणी. रोज दिवेलागणीला तिला समोर बसवायची आणि सुरू, ‘जिराफ कुठाय? दाखव. ट्रक कुठाय?’ आमच्या सात पिढ्यांत कुणाचं जिराफावाचून अडलं नव्हतं. ती तोंड फिरवायची आणि मला वाटायचं, हिला कळत नाही. तिला सगळं कळत होतं. रोज तोंडी परीक्षा घेणाऱ्या बाईशी गप्पा मारायला कोण जाईल?

मग एका ठिकाणी थेरपी लावली. नाव घेत नाही. पोर आत, मी बाहेर, चपलांच्या स्टँडपाशी. चाळीस मिनिटांनी दार उघडायचं. ‘आज छान केलं हं तिने, कार्ड उचलून दिलं.’ घरी आलं की शून्य. आठ महिने गेले असे. मी तिच्यावर चिडायची, ‘तिथे करतेस, मग घरीच काय होतं तुला?’ आता वाटतं, तिचं काय चुकत होतं? कार्डं आत, मॅडम आत. आणि भूक, आंघोळ, रुसवा, आजी, मांजर हे सगळं दाराबाहेर. आठवड्याला दोन सेशन म्हणजे दीड तासही भरत नाही. मूल जागं असतं ते बाकीचे सत्तर-ऐंशी तास कुणाजवळ? म्हणून जिथे तुला किंवा आजीला आत बसू देत नाहीत, तिथे न लाजता कारण विचार. कधीकधी खरंच असतं कारण. पण आठ महिने पुरेल असं नसतं.

पुढे एक स्पीचच्या मॅडम घरी यायला लागल्या. पहिल्या दिवशी त्यांनी पिशवी उघडलीच नाही. स्वयंपाकघरात पाटावर बसल्या आणि मला म्हणाल्या, ‘दिवसभरात तुमची दोघींची भांडणं कुठे होतात?’ असं मला कुणी विचारलंच नव्हतं. सगळे विचारायचे, किती शब्द येतात? मी म्हटलं, आंघोळीला. रोज. दुसऱ्या तांब्यापासून आकांत. ‘मग तिथूनच सुरू करू,’ म्हणाल्या.

घरात एक जुनी लग्नपत्रिका पडली होती, जाड पुठ्ठ्याची. तिचा मागचा कोरा भाग कापला, त्यावर लाल रंगाने उभा पंजा काढला. हा ‘बास’. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट केला, भोक पाडून सुतळीने नळाला टांगला. आणि रोज एक तांब्या ओतला की मी माझ्या बोटाने त्या पंजावर टकटक करायची, ‘बास?’ म्हणायची आणि थांबायची. दहा दिवस काही नाही. अकराव्या दिवशी तिने मुठीची मागची बाजू त्या कार्डावर आपटली. चुकून लागली असेल, देव जाणे. पण मी थांबले. डोक्यात शिकेकाई तशीच, आणि मी तिला टॉवेलात गुंडाळून बाहेर आणली. सासूबाईंना वाटलं, मला वेड लागलं. दुसऱ्या दिवशी पोरीने न रडता तीन तांबे घेऊ दिले आणि मग मूठ आपटली. गाडीचा ब्रेक आपल्या हातात आला की भीती कमी होते ना, तसं.

तुला सगळे सांगतील, आधी ‘पाणी’ शिकव, ‘शू’ शिकव, ‘भूक’ शिकव. ती आपली सोय आहे गं. पाणी तू त्याला वेळेवर देतेसच. त्याला हवी असते ती दुसऱ्या कुणाला अंदाजाने देता येणार नाही अशी गोष्ट. म्हणून आधी ‘नको’ दे त्याला. मग ‘अजून’. ‘अजून’सारखा गुणी शब्द नाही: झोक्याला चालतो, गुदगुल्यांना चालतो, गाण्याला चालतो, श्रीखंडाला तर चालतोच. ‘सफरचंद’ एकाच ठिकाणी चालतं, तेही घरात असलं तर. असे पाच-सात कामसू शब्द गोळा कर: नको, अजून, बास, दे, थांब, उघड, चल. आणि तुमच्या घरात जे म्हणतात तेच म्हण. ‘बाहेर जाणे’ काय लिहितेस कार्डाखाली? ‘भुर्र’ लिही. मम्मं, जोजो, बाऊ, हेच त्याच्या कानावरचे शब्द आहेत. कुणी सांगितलं, एकच भाषा ठेवा, इंग्रजी ठेवा म्हणजे पुढे शाळेत सोपं जाईल, तर मान डोलव आणि घरी येऊन मराठीतच बोल. ज्या भाषेत आजी लाड करते, ती सोडून दुसरीत का बोलेल तो?

आता ‘नको’ दिलास की तो वापरणार, हे ध्यानात ठेव. औषधालाही वापरेल. तेव्हा ‘असं नाही म्हणायचं’ असं करू नकोस. ‘नको म्हणतोयस. कळलं मला. पण औषध घ्यायचंय,’ म्हण आणि दे. मनासारखं झालं नाही तरी चालतं, ऐकलं गेलं पाहिजे. आणि उलटं एक, हे मी काही घरांत डोळ्यांनी पाहिलंय: तहानलेल्या पोरासमोर पेला धरायचा आणि ‘चित्राला हात लाव, मग देते’. नाही करायचं असं. आपल्याला पाणी मागायला कुणी आधी पाढे म्हणायला लावतं का?

चित्रं? विकतच्या तक्त्यांत पाव असतो, पलंग असतो, कमोड असतो. तुमच्याकडे पोळी, गादी आणि स्टीलचा पेला. त्याचीच वाटी घे, पांढऱ्या पंचावर ठेव, मोबाइलवर फोटो काढ. मागे ओट्यावरचा पसारा नको, नाहीतर तो नेमकं लायटरकडे बघत बसेल. फोटोतली वाटी आणि खरी वाटी एकच, हे अजून त्याला उमजत नसेल, तर कार्डं राहू देत, वस्तूच वापर. भुर्र जायचं तर स्कूटरची किल्ली हातात दे. आंघोळीला टॉवेल, झोपायला त्याची मऊ गोधडी. रोज, न चुकता, जायच्या आधी. आठ-पंधरा दिवसांत किल्ली दिसली की तो दाराकडे बघायला लागेल, तेव्हा समज की पाटी लागली.

बसवतेस कसा ते मात्र बघ. मान सांभाळण्यातच सगळा जीव जात असेल तर तो बोलणार कशाने? पाठीला आधार, पाय खाली टेकलेले, मग चित्र समोर. फिजिओच्या मॅडमना विचार, कोपऱ्याची खुर्ची चालेल का म्हणून. आणि खुर्ची येईपर्यंत आपली जुनी रीत आहेच: आजी पाय लांब करून बसते, त्यावर बाळ उताणं, तोंड तिच्या तोंडासमोर. न्हाऊ घालताना, तेल लावताना. तोवर ते आसनही चांगलं. त्याला मान टाकायला जागा, आजीचं तोंड वीतभर अंतरावर, आणि आजी कधी गप्प बसत नाही!

याचे डोळे चांगले आहेत म्हणून सांगते, साडीच्या खोक्याचं झाकण घे. मधोमध चौकोन काप, खिडकीसारखा. त्यातून तू त्याच्याकडे बघायचं. डावीकडे एक फोटो, उजवीकडे एक. ‘वरण-भात? की दूध?’ त्याची नजर कुठे स्थिरावते ते तुला खिडकीतून सरळ दिसतं. मोठ्या केंद्रांत असलीच पारदर्शक चौकट असते, प्लास्टिकची. आपली पुठ्ठ्याची. वरण सांडलं तर दुसरी करायची.

आता सगळ्यात अवघड भाग. हे सगळं त्याला शिकवायचं नाहीये. तुलाच शिकायचंय.

थांब, वैतागू नकोस. दुसरी मुलं मराठी कशी शिकतात? वर्षभर नुसतं ऐकतात. सगळं घर त्यांच्यासमोर मराठी बोलत असतं, तेव्हा कुठे एक ‘मम्मं’ येतं. तुझ्या पोराला चित्रांनी बोलायचंय, तर चित्रांनी बोलणारं माणूस त्याने पाहिलंय का कधी? एकही नाही. मग तो कुणाचं बघून करणार? म्हणून बोलताना तुझं बोट चाललं पाहिजे. दार उघडताना ‘उघड’वर बोट. कुकर उतरवताना ‘थांब’वर. तुला स्वतःला कंटाळा आला तर ‘बास’वर, मोठ्याने, ‘बास बाई मला आता!’ त्याच्याकडून काहीही मागायचं नाही, नुसतं त्याच्यासमोर बोलायचं. एक-दोन महिने लोक वेड्यासारखे बघतील. माझ्या जाऊबाई बघायच्या. त्यांच्याच मुलाने पुढे माझ्या पोरीशी कार्डांवरून भांडणं केली, आणि भांडणं व्हायला लागली तेव्हा मी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते.

आणि विचारलंस की थांब. मनात दहापर्यंत मोज. सावकाश. या मुलांना ऐकलेलं पोचायला आणि हात हलायला वेळ लागतो, आणि आपण बायका, दोन सेकंद शांतता झाली की तिसरा प्रश्न टाकून मोकळ्या. तू काल ‘दूध हवं? दूध देऊ? बघ दूध!’ एका दमात म्हणालीस. तो पहिल्या प्रश्नाचं उत्तर जुळवत होता गं.

तुझ्या सासूबाई म्हणाल्या ना, चित्रं दाखवून पोराला मुकं करशील? माझ्याही हेच म्हणाल्या होत्या. त्यांच्यावर रागावू नकोस, त्यांची भीती खोटी नाही, फक्त तसं होत नाही. आमच्या मॅडमनी तेव्हा त्यांना मुद्दाम सांगितलं होतं: २००६ साली मिलर, लाइट आणि श्लॉसर या तिघांनी तोवरचे अभ्यास गोळा केले आणि त्यातली भरवशाचा पुरावा असलेली २७ माणसं निवडली, लहान-मोठी. चित्रं, खुणा, यंत्रं वापरून एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं. तिघांचं होतं तेवढं राहिलं, बाकी सगळ्यांचं वाढलं. फार नाही, बहुतेकांचं थोडंसंच, पण वाढलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि ‘बघू’ म्हणाल्या. त्या वळल्या वेगळ्याच कारणाने. एकदा त्यांनी हौसेने मेतकूट-भात कालवला आणि पोरीने ‘नको’वर मूठ मारली. दोनदा! आधी रागावल्या, मग शेजारी जाऊन सांगून आल्या, ‘आमची आता तोंडावर नाही म्हणते हो.’ त्यानंतर देवघराशी एक ‘अजून’ त्यांनीच लावून घेतला, प्रसादाच्या साखरेसाठी. कुणी सांगितलं नव्हतं.

बटणही मिळतं एक, आवाज भरून ठेवता येतो, दाबलं की बोलतं. घेतलंस तर त्यात स्वतःचा आवाज भरू नकोस. आम्ही तिच्या आतेभावाचा भरला होता, चार वर्षांच्या पोराचा, ‘ए, मला पण!’ मुलं खेळत असली की ही मध्येच बटण दाबायची. पोराच्या तोंडी पोराचाच आवाज शोभतो.

मोबाइलचं विचारत होतीस. आयआयटी मुंबईच्या आयडीसी विभागात केलेलं ‘जेलो’ आहे, फुकट आहे, मराठीतही आहे. चेन्नईचं ‘आवाज’ही खूप घरांत चालतं. वापर जरूर. लहान आहे म्हणून नको असं काही नसतं. पण त्यासाठी जुना फोन वेगळा काढ, ज्यात दुसरं काहीच नसेल. एकाच फोनवर कार्टून आणि बोलणं दोन्ही असलं तर कार्टूनच जिंकतं, आणि मग तू फोन काढून घेतेस, म्हणजे त्याची जीभच काढून घेतेस. तरी कागदाची कार्डं टाकू नकोस. आंघोळीत फोन चालत नाही, आणि चार्जिंग नेमकं लग्नाच्या पंगतीत संपतं.

किती दिवस, असं विचारू नकोस मला. पण मुंबईच्या मालिनी चिब यांचं नाव ऐकलंयस का? १९६६चा जन्म, सेरेब्रल पाल्सी, बोलणं लोकांना समजायला कठीण. त्यांच्या आईने, मिठू अलूर यांनी, अशा मुलांसाठी १९७२ साली स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया काढली, आता तिला अडॅप्ट म्हणतात. मालिनींनी एका बोटाने टाइप करून आपली गोष्ट लिहिली, ‘वन लिटल फिंगर’, २०१० साली आली. दुसऱ्याच्या पोराशी तुलना कर म्हणून नाही सांगत. एक बोट म्हणजे किती, ते कळावं म्हणून.

आणि ऐक, पैसे. तुमच्या अंगणवाडीत वर्षातून दोनदा डॉक्टरांचं पथक येतं तपासायला, २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं. ते जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी देतात. हे केंद्र बहुतेक सिव्हिलच्या आवारातच असतं. फिजिओ, स्पीच, कान-डोळे तपासणी एकाच छताखाली, पैसे लागत नाहीत. पथकाची वाट बघत बसू नकोस, सरळ जा. रांग असते, डबा ने. जाताना ती वही ने. आणि दिव्यांगत्वाचा दाखला झाला की निरामय विमा काढ, वर्षाला लाखापर्यंतच्या खर्चाचा, त्यात थेरपीही बसते. तिथे कुणी म्हणालं, ‘आधी बोलू दे, मग बघू यंत्र-चित्र,’ तर शांतपणे सांग की २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात संवाद म्हणजे काय हे लिहिलंय आणि त्यात बोलण्याला पूरक अन् पर्यायी अशी सगळी साधनं आली. भांडू नकोस. नुसतं सांग, बघ कसे चष्मा सारखा करतात.

एकदम सगळं करू नकोस. एकच भांडण निवड. पेजेचं घे, ते रोज तीनदा होतं. एक ‘बास’, एक ‘अजून’. माळ्यावर जुन्या पत्रिकांचं बोचकं आहे, माझ्या धाकट्या दिराच्या लग्नातल्या दोनशे उरल्यात, जाडजूड, मागून कोऱ्या. हव्या तेवढ्या ने.

हं, उठला बघ. नाही, धावू नकोस. इथूनच बघ. कुठे बघतोय तो?